फिफ्टी शेड्स: स्वप्न म्हणून वाचायचं की धडा म्हणून?

२०१६ च्या मार्चमध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरातल्या ऑक्सफॅमच्या दुकानाने लोकांना जाहीर विनंती केली, की बाबांनो, ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ आता पुरे; त्यापेक्षा साठ-सत्तरच्या दशकातल्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या आणून द्या. ऑक्सफॅमची ही दुकानं लोकांनी दान केलेल्या वस्तू विकून समाजकार्यासाठी पैसा उभा करतात. या एकाच पुस्तकाच्या इतक्या प्रती दानात आल्या होत्या, की दुकानातल्या मंडळींनी मागच्या खोलीत त्या एकावर एक रचून चक्क किल्ला उभारला. त्याचा फोटो मग जगभर फिरला.

दानात इतक्या प्रती यायच्या, तर आधी त्या तितक्याच उत्साहाने कुणीतरी विकत घ्याव्या लागतात. ई. एल. जेम्स या ब्रिटिश लेखिकेच्या या तीन भागांच्या मालिकेच्या २०१४ च्या सुरुवातीपर्यंत दहा कोटी प्रती खपल्या होत्या. पुढे आकडा पंधरा कोटींच्या वर गेला. पन्नासहून अधिक भाषांत तिची भाषांतरं झाली. एवढं असूनही ‘मला हे पुस्तक मनापासून आवडलं’ असं चारचौघांत छातीठोकपणे सांगणारं माणूस शोधावं लागतं, आणि ‘ते भिकार आहे’ असं म्हणणाऱ्या कित्येकांनी तिन्ही भाग शेवटच्या पानापर्यंत वाचलेले असतात.

या मालिकेवरून वाचकांत जे तट पडले, ते वरवर पाहता नेहमीचेच वाटतात: एकीकडे चाहते, दुसरीकडे नाकं मुरडणारे. जरा जवळ जाऊन पाहिलं, की लक्षात येतं, इथे एक भांडण चाललेलंच नव्हतं. भाषेवरून एक, बायकांच्या वाचनावरून दुसरं, नायकाच्या वागण्यावरून तिसरं, अशी निरनिराळी भांडणं एकाच पुस्तकाच्या नावाने चालू होती. आणि त्यांतलं सगळ्यात खोलवरचं भांडण एका प्रश्नाशी येऊन थांबत होतं. ही गोष्ट स्वप्न म्हणून वाचायची, की धडा म्हणून?

दुसऱ्याच्या अंगणात उगवलेलं झाड

जेम्स हे टोपणनाव. लेखिकेचं खरं नाव एरिका. लंडनची, टीव्हीच्या क्षेत्रात नोकरी करणारी, दोन मुलांची आई. नवरा नायल लेनर्ड हा पटकथालेखक. स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’ या व्हॅम्पायर-प्रेमकथांनी ती झपाटली आणि २००९ च्या सुमारास इंटरनेटवर ‘फॅन फिक्शन’ लिहू लागली. फॅन फिक्शन म्हणजे आवडत्या लेखकाची पात्रं उचलून चाहत्यांनी हौसेने रचलेल्या नव्या गोष्टी. त्यांत पैशाचा व्यवहार नसतो. लिहिणारा एक प्रकरण टाकतो, वाचणारे खाली आपलं मत नोंदवतात, पुढे काय व्हावं तेही सुचवतात. ‘स्नोक्वीन्स आइसड्रॅगन’ असं भारदस्त नाव घेऊन जेम्स यांनी लिहिलेल्या कथेचं शीर्षक होतं ‘मास्टर ऑफ द युनिव्हर्स’. तीत ‘ट्वायलाइट’चाच एडवर्ड होता आणि बेलाही तीच होती, फक्त एडवर्डचे सुळे गेले होते आणि तो अब्जाधीश उद्योगपती झाला होता.

पुढे पात्रांची नावं बदलली, एडवर्डचा ख्रिश्चन ग्रे आणि बेलाची अ‍ॅनास्टेशिया स्टील झाली, आणि २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्याशा प्रकाशनसंस्थेने हे लेखन ई-बुक आणि मागणीनुसार छापील प्रत अशा दोन्ही रूपांत काढलं. जाहिरातीला पैसा नव्हता. एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला, आणि २०१२ च्या वसंतात रँडम हाउस समूहातल्या व्हिंटेज या प्रकाशनाने हक्क विकत घेतले. त्या वर्षाअखेर रँडम हाउसने अमेरिकेतल्या आपल्या कर्मचाऱ्यांना प्रत्येकी पाच हजार डॉलर बोनस दिला. त्यामागे मुख्यतः या पुस्तकांची कमाई होती.

पहिली ठिणगी पडली ती इथेच, आणि तीही चाहत्यांच्या वर्तुळातच. संगणकावर दोन्ही संहिता ताडून पाहिल्या तेव्हा मूळची फुकटची कथा आणि छापील कादंबरी यांत सुमारे ८९ टक्के साम्य निघालं. ज्यांनी प्रकरणागणिक दाद दिली, सूचना केल्या, कथेचा बोलबाला केला, त्या वाचकांना वाटलं, की सगळ्यांनी मिळून पाणी घातलेल्या झाडाची फळं एकीनेच बाजारात नेऊन विकली. दुसरा गट म्हणत होता, की लिहिलं तर तिनेच ना? कष्टाचे पैसे घेतले तर बिघडलं कुठे? हा वाद साहित्याच्या मोठ्या मंडपापर्यंत पोचलाच नाही. पण मालिकेची घडण समजून घ्यायला तो उपयोगी आहे, कारण तिचे बरेचसे गुणदोष तिच्या या जन्मकथेतूनच आले आहेत.

गोष्ट काय, प्रकार कोणता

कथानक दोन ओळींत मावतं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात इंग्रजी साहित्य शिकणारी एकवीस वर्षांची अ‍ॅना आजारी मैत्रिणीच्या ऐवजी सत्तावीस वर्षांच्या ख्रिश्चन ग्रेची मुलाखत घ्यायला सिअ‍ॅटलला जाते आणि दोघं एकमेकांकडे ओढली जातात. ग्रेला नेहमीचं प्रेम नको असतं. त्याला हवा असतो वर्चस्व आणि शरणागतीचा संबंध, तोही लेखी करार करून. तिला हवं असतं प्रेम. तीन भागांत दोघं एकमेकांना थोडंथोडं वाकवतात आणि शेवटी लग्न, मुलंबाळं, सुखाचा संसार.

प्रकाशन व्यवसायात याला ‘एरॉटिक रोमान्स’ म्हणतात. निव्वळ कामुक साहित्याहून हा प्रकार वेगळा धरला जातो. त्यात शय्याप्रसंग तपशीलवार असतात, पण त्यांनी नात्याची गोष्ट पुढे न्यायची असते आणि शेवट आशादायी असावा लागतो. १९५४ साली पॅरिसमध्ये पोलिन रेआज या टोपणनावाने निघालेली ‘स्टोरी ऑफ ओ’ याच विषयावरची, पण ती वाचकाला कसलाच दिलासा देत नाही. जेम्स यांची नायिका आपल्या माणसाला ‘बरं’ करते आणि त्याच्याशी लग्न करते. विषय धाडसी आणि शेवट सोवळा, अशी ही मोट आहे. ती कुणाला चतुराई वाटली, कुणाला भित्रेपणा.

भाषेची टिंगल

समीक्षकांचं काम सोपं होतं. नायिका सतत खालचा ओठ चावते, नायक सतत डोळे बारीक करतो. तिच्या डोक्यात एक ‘इनर गॉडेस’, म्हणजे अंतरीची देवी, राहते आणि प्रसंगानुसार नाचते, उड्या मारते, रुसते. अमेरिकन तरुणीच्या तोंडी अधूनमधून अस्सल ब्रिटिश शब्द येतात. सलमान रश्दी यांनी तर इतकं वाईट लिहिलेलं आणि तरी छापलं गेलेलं पुस्तक आपण पाहिलं नाही असं सांगून, याच्यापुढे ‘ट्वायलाइट’ म्हणजे टॉलस्टॉय वाटेल अशा अर्थाचा टोला हाणला.

वाचकांच्या तक्रारीही याच होत्या. गंमत अशी, की पुस्तक आवडलेल्यांतल्या अनेकींनी त्या नाकारल्या नाहीत. भाषा सुमार आहे हे कबूल, पण पुस्तक खाली ठेववत नाही, असं त्या म्हणत. या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, आणि त्याचं कारण पुन्हा त्या जन्मकथेत आहे. आठवड्याला प्रकरण टाकायचं, प्रत्येक प्रकरण उत्कंठेच्या टोकावर सोडायचं, वाचणाऱ्याला मागचं आठवावं म्हणून पात्रांच्या ठरावीक लकबी पुन्हा पुन्हा आणायच्या, ही धारावाहिक लेखनाची गरज असते. हप्त्याहप्त्याने वाचताना जे ओळखीचं आणि आपलंसं वाटतं, तेच सलग पाचशे पानांत डोक्यात जातं. अ‍ॅना आणि ग्रे यांच्यातल्या ई-मेलची देवाणघेवाण मात्र बऱ्याच टीकाकारांनाही चुरचुरीत वाटली. तिथे नायिका त्याच्या वरचढ असते, आणि वाक्यं आखूड.

‘सुमार’ ठरलेल्या या पुस्तकाने आणखीही एक गोष्ट केली. ग्रेच्या खोलीत एका प्रसंगी सोळाव्या शतकातल्या टॉमस टॅलिस या संगीतकाराची चाळीस स्वतंत्र आवाजांसाठी रचलेली ‘स्पेम इन अ‍ॅलियम’ ही चर्चमधली प्रार्थना वाजते. २०१२ च्या उन्हाळ्यात ही रचना ब्रिटनच्या अभिजात संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. ज्यांनी टॅलिसचं नाव कधी ऐकलं नव्हतं, त्यांनी ती विकत घेतली. रसिकता वाढली म्हणायचं की बाटली, यावरही अर्थातच दोन मतं पडली.

डिसेंबर २०१२ मध्ये ब्रिटनच्या ‘नॅशनल बुक अवॉर्ड्स’मध्ये ‘फिफ्टी शेड्स’ला वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक हा मान मिळाला, आणि अमेरिकेतल्या ‘पब्लिशर्स वीकली’ने जेम्स यांना त्या वर्षीची महत्त्वाची व्यक्ती ठरवलं. पुस्तकविक्रीच्या धंद्यात वावरणाऱ्या अनेकांनी कपाळावर हात मारला.

बायका काय वाचतात याची काळजी

या पुस्तकाला लगेच एक नाव चिकटलं: ‘मॉमी पॉर्न’. लेकुरवाळ्या बायकांची चावट पुस्तकं, असा त्याचा सूर. गुप्तहेरांच्या थरारकथांत ढीगभर शय्याप्रसंग असले, तरी त्यांना कुणी ‘बाबांचं पॉर्न’ म्हणत नाही. ते साधं मनोरंजन ठरतं. त्यामुळे अनेक वाचक स्त्रियांनी पुस्तकाची बाजू घेतली ती पुस्तकासाठी नव्हे. आपल्या वाचनाकडे जी मिश्किल नजर टाकली जात होती, तिच्याविरुद्ध घेतली.

वाचनाची साधनंही तोवर बदलली होती. किंडलवर मुखपृष्ठच दिसत नाही, त्यामुळे लोकलमध्ये शेजारच्या बाकावरच्याला तुम्ही काय वाचता ते कळत नाही. छापील आवृत्तीतही प्रकाशकांनी अर्धनग्न जोडपी टाळली. पहिल्या भागावर राखाडी टाय, दुसऱ्यावर मुखवटा, तिसऱ्यावर बेड्या, आणि भोवती नुसता अंधार. ही मुखपृष्ठं उघड्यावर वाचता येण्यासारखी होती, आणि ती तशी वाचली गेली.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्रेव्हर्ड काउंटीच्या सार्वजनिक वाचनालयांनी मे २०१२ मध्ये ही पुस्तकं कपाटातून काढली. शेकडो वाचक रांगेत नावं लावून बसलेले होते. ओरड झाली, आणि महिना संपता संपता पुस्तकं परत आली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरवर्षी ज्या दहा पुस्तकांवर सर्वाधिक हरकती आल्या त्यांची यादी काढते. २०१२ आणि २०१३ च्या याद्यांत ‘फिफ्टी शेड्स’ चौथं होतं, २०१५ च्या यादीत दुसरं. त्याच २०१२ साली इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका हॉटेलने खोल्यांच्या खणांत ठेवायच्या बायबलच्या जागी ‘फिफ्टी शेड्स’ ठेवून सगळ्या गावाला बोलायला विषय दिला.

बायका प्रेमकादंबऱ्या का वाचतात, याचा सगळ्यात गाजलेला अभ्यास याच्या बराच आधीचा आहे. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक १९८४ साली लिहिलं. मध्य-पश्चिम अमेरिकेतल्या एका गावात एका पुस्तकदुकानातल्या विक्रेतीभोवती जमलेल्या नियमित वाचक स्त्रियांशी ती सविस्तर बोलली. तिला आढळलं, की या स्त्रियांच्या लेखी पुस्तकात काय आहे याइतकंच महत्त्वाचं होतं ते वाचायला बसणं. पुस्तक उघडलं, की नवरा-मुलांना कळायचं, आता ही आपल्याला मिळणार नाही. दिवसभर सगळ्यांचं करणाऱ्या बाईने स्वतःसाठी काढलेला तो तासभर असायचा. रॅडवेला आणखी एक गोष्ट दिसली. त्यांचा आवडता नायक सुरुवातीला रुक्ष, तुसडा असतो आणि हळूहळू उलगडतं, की तो आतून हळवाच होता. दुसऱ्या शब्दांत, त्याच्या कठोरपणाचा नवा अर्थ लावून तो सुसह्य केला जातो.

ख्रिश्चन ग्रे हा या नायकाचाच थोरला भाऊ. आणि भांडणाची खरी गाठ इथेच आहे.

प्रेम की पाळत

कादंबरीतले काही प्रसंग नुसते मांडून पाहू. अ‍ॅना मैत्रिणींबरोबर बारमध्ये असताना ग्रे तिच्या फोनचा माग काढून तिथे पोचतो. ती आईला भेटायला जॉर्जिया राज्यात जाते, तर तो न सांगता तिथेही हजर होतो. तिची जुनी गाडी तो तिला न विचारता विकतो आणि नवी घेऊन देतो. ती काय खाते, किती खाते, यावर त्याचं लक्ष असतं. ती ज्या प्रकाशनसंस्थेत नोकरीला लागते, ती संस्थाच तो विकत घेतो.

एका वाचकाला यात काळजी दिसते, वेड लावणारं प्रेम दिसतं. दुसरीला दिसते ती पाळत. अमेरिकेतल्या एमी बोनोमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘जर्नल ऑफ विमेन्स हेल्थ’मध्ये पहिल्या भागाचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेच्या ज्या व्याख्या तिथली सरकारी आरोग्यसंस्था वापरते, त्या त्यांनी कादंबरीला लावल्या. माग काढणं, धाक घालणं, आपल्या माणसांपासून तोडणं, दारूच्या अमलाखाली संमती मिळवणं, या सगळ्या खुणा त्यांना सापडल्या. पुढच्या वर्षी त्याच गटाने १८ ते २४ वयाच्या साडेसहाशेच्या आसपास तरुणींची पाहणी केली. हे पुस्तक वाचलेल्यांत पाळत ठेवणारा किंवा शिव्या देणारा जोडीदार असण्याचं, अति मद्यपानाचं आणि उपाशी राहून वजन घटवण्याचं प्रमाण न वाचलेल्यांपेक्षा जास्त निघालं. वर्तमानपत्रांनी ‘पुस्तकाने बिघडवलं’ असे मथळे दिले, पण ही पाहणी तसं म्हणत नव्हती. आधी पुस्तक की आधी तसलं नातं, हे तिच्यातून ठरत नाही. स्वतःच्या आयुष्यातलं काही ओळखीचं दिसलं म्हणूनही कुणी असं पुस्तक हातात घेत असेल.

दुसरी हरकत आली ती अगदी अनपेक्षित बाजूने. बीडीएसएम, म्हणजे परस्पर संमतीने बांधणं, वर्चस्व गाजवणं, वेदना देणं-घेणं अशा कामव्यवहारांत रस असलेल्या लोकांनी ‘आमचं असं नसतं’ म्हणून तक्रार केली. त्यांच्यात आधी बोलणं होतं, मर्यादा ठरतात, थांबण्याचा परवलीचा शब्द ठरतो आणि तो उच्चारला की सगळं तत्क्षणी थांबतं. ग्रे मात्र ठरलेल्या चौकटीबाहेर, रोजच्या जगण्यातही तिच्यावर हुकमत गाजवतो. शिवाय त्याची ही आवड बालपणीच्या जखमांतून आली आणि प्रेमाने ती बरी होईल, असं कादंबरी सुचवते. हे तर त्यांना अधिकच लागलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या सुमारे १९ हजार लोकांच्या पाहणीत अशी आवड असणाऱ्यांवर पूर्वी जबरदस्ती झाल्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं नव्हतं. २०१३ मध्ये आलेल्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेनेही संमतीच्या अशा आवडीला नुसती आवड म्हणून विकार मानायचं नाही, अशी भूमिका घेतली.

२०१५ च्या फेब्रुवारीत चित्रपट आला तेव्हा तर तटांची अदलाबदलच झाली. तिकिटाचे आणि खाण्यापिण्याचे पन्नास डॉलर वाचवा आणि छळाला कंटाळून घर सोडलेल्या बायकांच्या आश्रयगृहाला द्या, अशी मोहीम निघाली. तिच्यात धर्माच्या नावाने अश्लीलतेविरुद्ध लढणारे होते आणि त्यांच्या शेजारी पॉर्नविरोधी स्त्रीवादी कार्यकर्त्याही होत्या. एरवी ही मंडळी एकमेकांचं तोंड पाहायची नाहीत. उलट बाजूला, स्त्रीच्या कामेच्छेबद्दल उघड बोलणं झालं म्हणून पुस्तकाचं स्वागत करणाऱ्याही स्त्रीवादीच होत्या.

कराराचं ते प्रकरण

आता मूळ प्रश्नाकडे. पहिल्या भागात ग्रे अ‍ॅनापुढे एक लांबलचक करार ठेवतो. त्यात कलमं आहेत, उपकलमं आहेत, परिशिष्टं आहेत: झोपेचे तास, व्यायाम, कपडे, काय चालेल, काय अजिबात चालणार नाही, थांबायचे दोन शब्द. अ‍ॅना तो घरी नेऊन वाचते, इंटरनेटवर शब्दांचे अर्थ शोधते, ई-मेलवरून कलमागणिक हरकती पाठवते आणि जेवणाच्या टेबलावर बसून त्याच्याशी घासाघीस करते. व्यायामाचे तास ती कमी करून घेते. आणि शेवटपर्यंत ती या करारावर सही करत नाही.

चाहते या प्रसंगाकडे बोट दाखवून म्हणतात, पाहा, ती कुठे मुकी आहे? कुठल्या प्रेमकादंबरीत नायिका शय्येआधी इतकं बोलून घेते? टीकाकार त्याच पहिल्या भागाच्या शेवटाकडे बोट दाखवतात. तिथे ती ‘तुझं सगळ्यात टोकाचं काय असतं ते दाखव’ म्हणते, तो तिला पट्ट्याने सहा वेळा मारतो, परवलीचा शब्द तिच्या तोंडून निघतच नाही आणि ती त्याला सोडून निघून जाते. कागदावर सगळी तरतूद होती, आणि ऐन वेळी ती कामाला आली नाही. यात कादंबरी ग्रेला दोषी ठरवते, की तिलाच ‘तू शब्द का उच्चारला नाहीस’ असं विचारते? दुसऱ्या भागात तो खरोखरच तिला हे विचारतो.

समाजशास्त्रज्ञ इव्हा इलूझ यांनी या मालिकेवर ‘हार्ड-कोअर रोमान्स’ हे छोटं पुस्तक २०१४ साली लिहिलं. त्यांचं म्हणणं, की ही मालिका एकाच वेळी प्रेमकथा आहे आणि स्वमदतीचं पुस्तकही. आजच्या स्त्री-पुरुष संबंधांत कुणी काय करायचं, कुणी किती झुकायचं, याचे नियम धूसर झाले आहेत. अशा वेळी नियमांची यादी हातात देणारी आणि तरीही उत्कट प्रेमाचं वचन देणारी गोष्ट वाचकाला एक उत्तर सुचवते. म्हणजे स्वप्न आणि धडा हे दोन्ही पुस्तकाच्या बांधणीतच आहेत, वाचकांनी ते बाहेरून आणलेले नाहीत. स्वप्नाला कुणी हिशेब विचारत नाही. माणूस स्वप्नात कड्यावरून उडी मारतो, म्हणून उठल्यावर गच्चीवर जात नाही. धड्याला मात्र हिशेब विचारावाच लागतो. एका वाचक गटाने एक हात धरला, दुसऱ्याने दुसरा, आणि दोघंही आपापल्या जागी खरं तेच सांगत होते.

ही रचना नवी नाही. सॅम्युएल रिचर्डसन हा लंडनचा मुद्रक खेड्यापाड्यांतल्या वाचकांना पत्रं कशी लिहावीत हे शिकवणारं पुस्तक लिहीत होता. मालक अंगचटीला येऊ लागला तर मोलकरणीने काय करावं, अशी पत्रं लिहिता लिहिता त्यातून १७४० साली ‘पामेला’ ही कादंबरी जन्मली. पंधरा वर्षांच्या मोलकरणीवर मालकाचा डोळा असतो. तो तिची पत्रं चोरून वाचतो, तिला दूरच्या वाड्यावर कोंडून ठेवतो. ती ठाम राहते, तो सुधारतो आणि दोघांचं लग्न होतं. वाचकांचे सरळ दोन पंथ पडले. एक म्हणाला, सद्गुणाचा हा आदर्श पाठ. दुसरा म्हणाला, हिने तर शील दाखवून श्रीमंत नवरा गटवला. हेन्री फील्डिंगने १७४१ मध्ये ‘शामेला’ लिहून तिची यथेच्छ टर उडवली. पामेलाची चित्रं असलेले हातपंखे त्या काळी विकले जात होते. ‘फिफ्टी शेड्स’च्या नावाने पुढे काय काय विकलं गेलं, ते पाहता बाजारालाही जुनी सवय आहे.

आपल्याकडची मोजपट्टी

भारतात हा वाद फारसा रंगला नाही, कारण आपली मोजपट्टी वेगळी होती. सेन्सॉर बोर्डाने २०१५ च्या मार्चमध्ये चित्रपटाला प्रमाणपत्र नाकारलं. पुस्तक मात्र दुकानांत उघड मिळत होतं आणि त्याच्या चोरट्या आवृत्त्या मुंबईच्या फुटपाथवर आणि सिग्नलवर हातोहात खपत होत्या.

आपल्या कोर्टांनी दशकानुदशकं विचारलेला प्रश्न एकच: हे अश्लील आहे का? ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्यावर झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली कायम केली. वाचकाचं मन बिघडवण्याकडे मजकुराचा कल आहे का, ही १८६८ सालची इंग्लंडमधली हिक्लिन कसोटी तिथे मान्य झाली. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आलेल्या चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘शामा’ कादंबरीचं प्रकरणही सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६९ साली न्यायालयाने ‘शामा’ला अश्लीलतेच्या आरोपातून मोकळं केलं. कामविषयाचा नुसता उल्लेख अश्लील ठरवला, तर तरुणांना धार्मिक पुस्तकांखेरीज काही वाचायलाच उरणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

या खटल्यांत ‘वाचक’ म्हणून जो कल्पिला जातो, तो बिघडू शकणारा, जपावा लागणारा कुणीतरी असतो. ‘शामा’तल्या पुरुषाचं वागणं बायकांशी कसं आहे, हे विचारणं कोर्टाच्या कक्षेतच नव्हतं. ‘फिफ्टी शेड्स’च्या भांडणाने नेमका हा प्रश्न पुढे आणला, आणि तो न्यायाधीशांनी नव्हे, वाचणाऱ्या बायकांनीच आणला. किती उघडं लिहिलंय, हा मुद्दा मागे पडला. तिने हो म्हटलं होतं का, आणि म्हटलं असेल तर ते कोणत्या परिस्थितीत, हा मुद्दा पुढे आला.

त्यानंतर

२०१५ च्या जून महिन्यात हीच कथा नायकाच्या तोंडून सांगणारं ‘ग्रे’ आलं. अमेरिकेत चार दिवसांत त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती गेल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस ट्विटरवर जेम्स यांच्याशी जाहीर प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम ठेवला गेला, आणि घरगुती हिंसेपासून भाषेच्या दुकाळापर्यंतच्या प्रश्नांनी त्याचा पार बोजवारा उडाला. विक्री आणि राग एकाच पंधरवड्यात शिगेला पोचले.

ब्रिटनमध्ये पुस्तकाचं नाव संसदेच्या चर्चेपर्यंत गेलं. बाईच्या मृत्यूनंतर किंवा गंभीर दुखापतीनंतर ‘तिलाच हे हवं होतं’ असा बचाव आरोपी पुरुष करत, त्याला ‘फिफ्टी शेड्स बचाव’ असं म्हटलं जाऊ लागलं. २०२१ च्या घरगुती छळविरोधी कायद्याने कामसुखासाठी झालेल्या गंभीर इजेला संमतीचा बचाव चालणार नाही, हे इंग्लंड आणि वेल्ससाठी कायद्यात लिहून टाकलं. असे बचाव पुस्तकाच्या आधीपासून होत होते, तेव्हा दोष कादंबरीच्या माथी मारणं बरोबर नाही. तरी स्वप्न म्हणून लिहिलेली गोष्ट कुणाच्या तरी तोंडी सबब होऊन येऊ शकते, ही टीकाकारांची भीती अगदीच हवेतली नव्हती.

प्रेमकादंबरीच्या बाजारानेही आपल्या परीने उत्तर काढलं. आज ‘डार्क रोमान्स’ नावाने खपणाऱ्या कितीतरी पुस्तकांत पहिल्याच पानावर सूचना असते: यात पाठलाग आहे, जबरदस्ती आहे, हिंसा आहे, सोसत नसेल तर पुढे वाचू नका. एच. डी. कार्ल्टन यांच्या २०२१ सालच्या ‘हॉन्टिंग अ‍ॅडलिन’मध्ये अशी यादीच आहे. लेखक जणू वाचकाशी आधीच ठरवून घेतो, की हे स्वप्न आहे, यातून जगण्याचे नियम काढायचे नाहीत. ग्रेच्या करारावर सही झाली नाही, पण लेखक आणि वाचक यांच्यात मात्र एक करार रूढ झाला.

तरीही त्या पहिल्या पानावर सगळं मिटत नाही. स्वप्नं कुठूनतरी येतात आणि कुठेतरी झिरपतातही. ‘या पुस्तकाने बायकांना बिघडवलं’ म्हणणारे आणि ‘ही नुसती गोष्ट आहे, सोडा’ म्हणणारे, दोघंही एकच चूक करतात. वाचणारी बाई एका वेळी एकच काम करू शकते, असं ते धरून चालतात. प्रत्यक्षात ती ग्रेवर भाळते, पुढच्याच पानावर त्याच्या फोन-पाळतीला शिवी हासडते, ‘इनर गॉडेस’ला हसते आणि तरी रात्री एक वाजेपर्यंत वाचत राहते. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला पुस्तक देताना ‘फालतू आहे, पण वाच’ एवढंच म्हणते. त्या चार शब्दांत दोन्ही तटांचं म्हणणं आलं. समीक्षेला ते मान्य करायला बरीच वर्षं लागली.